‘शी होत नाही’ म्हणून आलेला बोका

पत्र :

‘मॅडम, पदवी घेऊन मला 8 महिने झाले. ज्या दवाखान्यात काम करतो तिथे कुत्री-मांजरं मिळून रोज पंचवीस-तीस पेशंट होतात. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत एक बोका आला, वय 4 वर्षं. “दोन दिवस शी होत नाहीये, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो,” असं बाईंनी सांगितलं. मी ताप पाहिला, नव्हता. एनिमा दिला, पोट साफ व्हायचं औषध लिहून दिलं आणि “उद्या कळवा” म्हणून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला टॉवेलात गुंडाळून आणलं, अंग थंडगार. लघवी तुंबलेली होती. टेबलावरच गेला. बाई रागावल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, “काल तुम्ही त्याच्या पोटाला हातसुद्धा लावला नाहीत.”

सर म्हणतात, होतं असं, पुढे चला. पण तेव्हापासून मी येईल त्या पेशंटचं रक्त काढतो, एक्स-रे काढतो. मालक वैतागतात, दवाखाना बंद व्हायला उशीर होतो आणि भीती काही जात नाही. लघवी तुंबणं हा प्रश्न मी परीक्षेत पूर्ण लिहिला होता, मग त्या दिवशी का सुचलं नाही? त्या बाईंना खरं सांगू का? की हे सगळं सोडून लॅबमध्ये नोकरी बघू? (मला एकेरीतच लिहा.)’

उत्तर :

बाई बोलल्या ते खरं आहे, आणि तुझ्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्यात आहे. तिथूनच सुरुवात करते.

परीक्षेत प्रश्न येतो ‘बोक्याच्या मूत्रमार्गातील अडथळा : लक्षणे व उपचार’. निदान प्रश्नातच छापलेलं असतं. दवाखान्यात तेच दुखणं ‘शी होत नाही’ असं नाव सांगत येतं. संध्याकाळचे सात वाजलेले, बाहेर सहा जण ताटकळलेले, त्यातला एक कुत्रा बाकीच्यांवर भुंकतोय, आणि आल्याआल्या मालकाने तयार निदान तुझ्या हातात ठेवलेलं. बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की बोका सारखा ट्रेमध्ये जातो आणि कुंथतो. शी होत नसणार, हा त्यांनी लावलेला अर्थ. मांजर लघवीसाठी कुंथतंय की शीसाठी, हे घरच्या माणसाला नुसतं बघून सहसा कळत नाही. त्यांचा तो अर्थ तू केसपेपरवर उतरवलास आणि त्याच्यावर औषध दिलंस.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाहीये. पहिल्या वर्षी मी तीन दिवस उलट्या करणारं एक मांजर पोट बिघडलंय म्हणून दोनदा इंजेक्शन देऊन परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी मी पाठ करून सिरिंज भरत होते. आमच्याकडे एक वयस्कर मदतनीस होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी मांजर धरल्याधरल्या तोंड उघडलं आणि खालून, जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेवर अंगठा दाबला. जीभ वर उचलली गेली. जिभेच्या मुळाशी शिवणाचा दोरा, चांगला मांसात रुतलेला. मी घाईघाईने चिमटा घेऊन ओढायला गेले, तर मामांनी माझं मनगट धरलं. दोऱ्याचं दुसरं टोक आतड्यात होतं आणि आतडं त्याच्यावर नाडी ओढलेल्या लेंग्यासारखं चुणून बसलं होतं. ओढला असता तर दोऱ्याने आतडं आतून कापलं असतं. सरांनी पोट उघडून दोरा काढला, मांजर वाचलं. माझं त्यात श्रेय काहीच नाही. लिनिअर फॉरेन बॉडी (पोटात गेलेली दोऱ्यासारखी लांब वस्तू) हा शब्द मला पाठ होता आणि मामांनी तो बहुधा आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांच्या हाताला वळण होतं : उलटीचं मांजर आलं की जीभ वर.

तुला आता ते वळण लावायचं आहे. त्याला वेळ लागतो, पण रोज पंचवीस-तीस पेशंट बघणाऱ्याला वाटतो तितका नाही.

आधी बोक्याचंच पूर्ण करू, कारण पुढचा कधीही येईल. बोक्याचा मूत्रमार्ग लिंगाच्या टोकाशी इतका अरुंद असतो की चिकट स्राव आणि खड्यांचा चुरा मिळून झालेलं बूचसुद्धा तो बंद करतं. मांजरीचा मार्ग आखूड आणि रुंद, म्हणून तिचं हे क्वचित होतं. तेव्हा नर आणि कुंथणं हे दोन शब्द एकत्र कानावर आले की हात थेट पोटाच्या मागच्या भागाकडे जायला हवा, बोलणं पुढे चालू असतानाच. एक तळवा पोटाखाली, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि हलकेच मागे सरकत जायचं. रिकामं मूत्राशय बऱ्याचदा सापडतच नाही. नेहमीचं भरलेलं पाण्याच्या फुग्यासारखं दबतं. तुंबलेलं लागतं ते लिंबू-संत्र्यासारखं, कडक आणि ताठ, आणि हात लागताच मांजर कळवळतं किंवा गुरगुरतं. एकदा लागलं की ते विसरत नाही. दाबून रिकामं करायला मात्र अजिबात जायचं नाही, फुटतं. शेपटीखाली बघ : लिंगाचं टोक लाल-जांभळं, चाटून चाटून सुजलेलं असतं. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

मालकाला विचारायचं तेही बदल. ‘शी-शू व्यवस्थित?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘ट्रेमधली वाळू शेवटची ओली कधी दिसली? लघवीचे गोळे किती निघाले? ट्रे साफ कोण करतं?’ असं विचार. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. समोर बसलेला माणूस बऱ्याचदा ट्रे साफ करणारा नसतोच, आणि घरी फोन लावला की खरं काय ते कळतं. उलट्या झाल्या का, खाणं कधी सुटलं, हेही विचार. दोन दिवस पूर्ण बंद असलेला बोका खायचं थांबवतो, ओकायला लागतो, आणि मग शांत होतो. मालकांना वाटतं आराम पडला.

त्या शांत बोक्याचं हृदय ऐक. दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला 160, 180, कधी 200 च्याही वर असतात. कुंथणाऱ्या, थंड पडलेल्या बोक्याचे 120 भरले तर तो निवांत आहे असं समजू नकोस. लघवीवाटे बाहेर न पडलेलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयापर्यंत पोचलंय. मंद ठोके आणि 36 अंश सेल्सियसच्या खाली गेलेलं तापमान हे दोन्ही एकत्र दिसलं की रिपोर्टची वाट न बघता पोटॅशियम खूप चढलंय असं धरून चाल. ईसीजी लावलास तर पी लहर पुसट किंवा गायब, टी लहर उंच टोकदार आणि मधली क्यूआरएस लहर रुंद दिसेल. अशा वेळी आधी शिरेत सुई, मग 10 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, किलोला 0.5 ते 1 मिली, 5 ते 10 मिनिटं घेऊन सावकाश, डोळे ईसीजीवर. ठोके आणखी मंदावले तर थांबायचं. कॅल्शियम पोटॅशियम उतरवत नाही, हृदयाला साधारण अर्ध्या तासाची सवलत मिळवून देतं. त्या अर्ध्या तासात बाकीची कामं करायची. पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन आणि डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) द्यायचं ठरवलंस तर पुढचे काही तास रक्तातली साखर मोजत राहा.

सलाइनबद्दल एक जुना गैरसमज अजून ऐकू येतो, की रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम आहे म्हणून ते या बोक्यांना चालत नाही. त्यात लिटरला 4 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं आणि बोक्याच्या रक्तात 8-9 झालेलं असतं, म्हणजे त्यानेही पातळ होणारच, शिवाय रक्तातलं आम्लही जास्त चांगलं सावरतं. हातात असेल ते लाव, वाद घालत बसू नकोस. मार्ग मोकळा होईपर्यंत सलाइन नको, मूत्राशय फुटेल, असंही काही जण म्हणतात. लगेच मोकळा करणार असशील तर तसं काही नाही. शॉकमधल्या बोक्याला त्या सलाइनची गरज आधी आहे.

कॅथेटर (मूत्रमार्गातून घालायची बारीक नळी) घालण्याबद्दल एकच सांगते, कारण चुका तिथेच होतात. लिंग बाहेर काढलं की ते मागे, शेपटीच्या दिशेने ओढून धरायचं. बोक्याच्या मूत्रमार्गाला नैसर्गिक वळसा असतो, तो त्याने सरळ होतो. वळसा तसाच ठेवून कॅथेटर रेटलास तर भिंत फाटते, आणि मग साध्या केसची मोठी शस्त्रक्रिया होते. भरपूर जेली, निर्जंतुक सलाइनचा हलका फवारा, थोडं पुढे, पुन्हा फवारा. जनावर पुरेसं गुंगीत आणि वेदनाशामकाखाली असेल तर निम्मं काम तिथेच होतं. जागेपणी चार जणांनी दाबून धरून केलेलं हे काम मी पाहिलंय आणि ते पुन्हा बघायची इच्छा नाही. मूत्राशय फारच ताणलेलं असेल तर आधी बारीक सुईने पोटातून थोडी लघवी काढून घेतली की आतला दाब उतरतो आणि कॅथेटर पुष्कळदा सहज जातं.

मोकळं झालं म्हणजे संपलं असं मात्र नाही. पुढचे एक-दोन दिवस कॅथेटर बंद पिशवीला जोडून ठेव आणि किती लघवी येते ते मोजून लिहीत जा. नेहमीचं प्रमाण तासाला किलोमागे 1 ते 2 मिली. तुंबलेलं सुटल्यावर मूत्रपिंडं कित्येकदा त्याच्या कितीतरी पट पाणी सोडतात. पिशवी भराभर भरतेय हे बघून सगळे खूश होतात, आणि इकडे बोका कोरडा पडत जातो. बाहेर जातंय तेवढं आत गेलं पाहिजे. याच काळात पोटॅशियम उलट्या दिशेने घसरतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तपास. अँटिबायोटिक सवयीने लिहू नकोस. तरुण बोक्यांच्या तुंबण्यात जंतूंचा हात सहसा नसतो. घरी सोडताना मालकाला स्पष्ट सांग की पहिला आठवडा धोक्याचा आहे, पुन्हा तुंबू शकतं, आणि रात्र असली तरी थांबायचं नाही. पाणी जास्त पोटात जाईल असं ओलं खाणं, एकाहून जास्त ट्रे, घरातला ताण कमी, हे सांगायचंच. पण हे त्यांना आठवड्याभराने पुन्हा बोलावून सांग. सोडण्याच्या दिवशी त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही.

आणि तू दिलेल्या एनिमाबद्दल. तो कुठला होता ते तू लिहिलेलं नाहीस. माणसांसाठी मिळणारा सोडियम फॉस्फेटचा तयार एनिमा असेल तर तो कपाटातून आजच बाजूला काढ. मांजरात त्याने फॉस्फरस चढतो, कॅल्शियम कोसळतं आणि खरोखर बद्धकोष्ठ असलेलं मांजरही दगावू शकतं.

आता वळणाचं. मी प्रत्येक पेशंट एकाच क्रमाने तपासते. नखं कापायला आलेला असो की अपघात होऊन आलेला. क्रम कुठला ठेवायचा ते तुझं तू ठरव, फक्त तो रोज बदलू नकोस. मी आधी हात लावत नाही, बघते. मालक बोलत असतात तेव्हा कुत्रा कसा उभा आहे, मांजर पेटीत कसा श्वास घेतंय. श्वासाची गती घाबरण्याआधी मोजली तरच उपयोगाची. मग वजन, दर वेळी आणि त्याच काट्यावर. ‘असेल सात-आठ किलो’ या अंदाजाने दिलेल्या गुंगीच्या औषधाने निजलेली जनावरं उठवताना मी रात्री जागवल्या आहेत. शिवाय मागच्या खेपेपेक्षा 400 ग्रॅमने उतरलेलं 4 किलोचं मांजर म्हणजे दहावा हिस्सा गेला. मालकाच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

मग डोकं. हिरड्या, दाबून सोडल्यावर 2 सेकंदांच्या आत रंग परतला का, जिभेखाली, डोळे, कान. हिरड्या पांढऱ्या असल्या की गोचीड शोध. मांजराच्या हिरड्या चॉकलेटी दिसल्या आणि चेहरा सुजलेला असला तर घरात कोणीतरी पॅरासिटामॉलची गोळी दिली आहे असं समज. माणसाच्या एका गोळीने मांजर मरू शकतं. ‘तुम्ही काय दिलंत?’ असं विचारलं तर उत्तर ‘काही नाही’ येतं. ‘ताप होता तेव्हा बरेच जण घरातली गोळी देतात, तुम्ही कुठली दिली होती?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

तोंडाबद्दल मात्र एक अपवाद आहे, आणि तो मोडू नकोस. लाळ गळतेय, जबडा लोंबकळतोय, गिळता येत नाहीये आणि मालक सांगतात घशात काहीतरी अडकलंय, असा कुत्रा आला की हात आत घालायचा नाही. लसीकरण झालेलं आहे का, कुणी चावलं होतं का, वागणं कधीपासून बदललं, हे आधी विचार आणि रेबीज मनातून काढल्याशिवाय हातमोज्यांनीसुद्धा पुढे जाऊ नकोस. तुझी स्वतःची रेबीजची प्रतिबंधक लस झाली नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि ती आधी घे.

पुढे लसीका गाठी (लिम्फ नोड), छाती. हृदय ऐकताना दुसऱ्या हाताची बोटं मांडीच्या आतल्या नाडीवर ठेव. ठोका ऐकू आला आणि नाडी लागली नाही, तर लय बिघडलेली आहे. हे कुठलंही यंत्र न वापरता कळतं. मग पोट, सावकाश, दोन्ही हातांनी. मग मागचा भाग : योनी किंवा लिंग, वृषणं, गुदद्वार, शेपटीखालची कातडी. थर्मामीटर शेवटी, कारण त्यानंतर मांजर तुझ्याशी सहकार्य करत नाही. संतापणाऱ्या मांजराच्या बाबतीत क्रम आखडता घे आणि ज्या तक्रारीसाठी आलंय तो भाग आधी बघ. मान पकडून लोंबकळवण्यापेक्षा टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळलं आणि पेटीचं झाकण काढून तिथेच तपासलं तर निम्मी मांजरं काही म्हणत नाहीत.

ठरलेल्या क्रमाचा एक फायदा असा की उडी मारून गेलेला भाग तुलाच खटकायला लागतो. मी एकदा सात वर्षांची कुत्री तपासली. तक्रार एवढीच की खात नाही आणि पाणी फार पिते. सगळं ठीक वाटलं. केसपेपर लिहिताना मागच्या भागापाशी पेन थांबलं, कारण तिथे हात गेलाच नव्हता. परत बोलावून योनी पाहिली, स्राव काही नव्हता, पण पोट हाताला जड लागलं. ‘माजावर कधी आली होती?’ असं विचारल्यावर कळलं, सहा आठवडे झाले. गर्भाशयात पू भरला होता आणि तोंड बंद असल्याने बाहेर थेंबही येत नव्हता. त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. पाणी फार पिते म्हटल्यावर नुसती मूत्रपिंडाची तपासणी लिहून सोडली असती तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली असती की नाही, सांगता येत नाही.

तपासण्यांचं बोलू. तू सरसकट रक्त आणि एक्स-रे काढतोस ते पेशंटसाठी नाही, त्या बोक्यासाठी काढतोस. हे तुलाही कळतंय, म्हणून तर लिहिलंस. मी लिहायच्या आधी स्वतःला विचारते : रिपोर्ट चांगला आला तर मी काय करणार आणि वाईट आला तर काय? दोन्हीकडे उत्तर एकच असेल तर तपासणी लिहीत नाही. शिवाय तपासण्या तुला फसवतातही. घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती इतकी चढते की मधुमेह वाटावा. म्हणून घरी पकडलेल्या लघवीत साखर आहे का ते बघावं, किंवा फ्रुक्टोसामीन (मागच्या काही आठवड्यांतली साखर सांगणारी रक्ततपासणी) करावं. आणि तोंड उघडून धापा टाकणारं मांजर एक्स-रेच्या टेबलावर आडवं करणं हा त्याला मारण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. त्याला आधी ऑक्सिजनमध्ये, अंधाऱ्या शांत पेटीत ठेव, थोडी गुंगी दे. छायाचित्र नंतर निघेल.

उलट काही लहान तपासण्या अशा आहेत की त्या मी भरपूर करते : रक्ताच्या थेंबाची स्लाइड स्वतः बघणं, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) आणि प्रथिनं, साखर, आणि लघवीची घनता. सलाइन लावायच्या आधीची लघवी मिळाली तर मूत्रपिंडाबद्दल ती खूप सांगते. सलाइननंतरची फारसं काही सांगत नाही. डोळा लाल असला की फ्लुओरेसीनची (डोळ्यावरची जखम रंगवून दाखवणारी) पट्टी लावून बघितल्याशिवाय स्टिरॉइडचे थेंब लिहायचे नाहीत. डोळ्याच्या पृष्ठभागावर जखम असेल तर त्या थेंबांनी डोळा जाऊ शकतो. आणि हो, मांडीत इंजेक्शन देताना मागच्या बाजूला टोचू नकोस, तिथून सायॅटिक नस जाते. तुझ्या पत्रात याचा काही संबंध नाही, पण नवीन मुलांना मी हे दिसेल तिथे सांगते.

एक काम या आठवड्यात कर. दवाखान्यात फोन जो उचलतो त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत कागद लाव. बोका कुंथतोय. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय. मोठा कुत्रा ओकायला जातोय पण बाहेर काही पडत नाही आणि पोट फुगलंय. न थांबणारे झटके. हिरड्या पांढऱ्याफटक. यातलं काहीही ऐकलं की ‘उद्या सकाळी या’ म्हणायचं नाही, ‘आत्ता निघा’ म्हणायचं, आणि ते दारात आले की रांग मोडून आत घ्यायचे. बाहेरचे सहा जण कुरकुर करतील. करू देत. शिवाय ‘उद्या कळवा’ म्हणून कुणालाही पाठवू नकोस. काय दिसलं तर कळवायचं, ते सांग : ‘आज रात्री 10 पर्यंत ट्रे ओला झाला नाही तर फोन करा.’ एवढं एक वाक्य त्या संध्याकाळी बोलला असतास तर बाईंनी रात्रीच फोन केला असता.

लॅबचं आत्ता ठरवू नकोस. लॅबमध्येही चुका होतात, फक्त तिथे टेबलावर टॉवेल नसतो. सहा महिने क्रम पाळून बघ आणि मग तुला स्लाइडच जास्त आवडत असतील तर खुशाल जा. चांगल्या पॅथॉलॉजिस्टची आम्हाला गरजच असते.

बाईंना सांगायचं का, तर सांगायचं. आधी तुझ्या सरांना सांग की मी फोन करणार आहे. दवाखाना त्यांचा आहे, त्यांना बाहेरून कळायला नको. मग फोन कर, मेसेज नको. लांबण लावू नकोस. ‘त्या संध्याकाळी मी त्याचं पोट तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. लघवी तुंबली होती ते मला तेव्हा कळू शकलं असतं,’ एवढं म्हण आणि थांब. ‘तुम्ही दोन दिवस उशीर केलात’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळ. ‘तसंही वाचला नसता’ असंही म्हणू नकोस, कारण ते खरं नाही. वेळेत मोकळे केलेले बहुतेक बोके घरी जातात. त्या रागावतील, किंवा रडतील, किंवा फोन ठेवतील. तुला बरं वाटेल म्हणून हा फोन नाही, त्यामुळे त्यांनी माफ केलं की नाही याचा हिशेब ठेवू नकोस. आता तू काय वेगळं करतोस असं त्यांनी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर राहू दे.

तुझ्या पत्रात बोक्याचं वय आहे, त्याचा ट्रे आहे, टॉवेल आहे. नाव नाही. फोन लावायच्या आधी केसपेपर काढून ते बघून घे.